परदेशात वाजलेल्या गाण्याचे पैसे कुठे अडतात?

पत्र:

मी गाणी लिहितो आणि चालीही लावतो. काही वर्षांपूर्वी मी आणि एका मैत्रिणीने मिळून छोटी प्रकाशन कंपनी काढली. आमच्या दोघांची आणि आणखी तीन गीतकारांची गाणी तिच्याकडे आहेत. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक परदेशातले आहेत, मुख्यतः अमेरिका, जर्मनी आणि नेदरलँड्समधले. एका गायिकेने आमची तीन गाणी युरोपातल्या महोत्सवांत गायली. एक गाणं फ्रान्समधल्या टीव्ही मालिकेत वापरलं गेलं. डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे आमची रेकॉर्डिंगं स्ट्रीमिंगवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडून, नियमित पैसे येतात, पण गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आमच्या हक्क संस्थेच्या विवरणपत्रात परदेशापुढे जवळजवळ शून्य असतं. आता एका कंपनीने जगभरातली वसुली करून देतो म्हणत करार पाठवला आहे: २५ टक्के कमिशन, पाच वर्षं, सगळी गाणी. सही करावी का? की प्रत्येक देशातल्या संस्थेचं सभासदत्व आम्हीच घ्यावं? खरं सांगायचं तर अशा किरकोळ रकमांमागे धावण्यात अर्थ आहे का, असाही प्रश्न पडतो. सोबत गाण्यांच्या नोंदणीची यादी जोडली आहे.

उत्तर:

सही करू नका, निदान आत्ता तरी. आणि पाठपुरावाही सोडू नका. तुमचे पैसे बहुतेक कुठेतरी गोळा झालेले आहेत. ते तुमच्यापर्यंत येत नाहीत, कारण तिथल्या संस्थेला ते गाणं तुमचं आहे हेच कळत नाही. हा दोष नोंदींचा आहे आणि तो तुमच्या हातात आहे. या नोंदी तशाच ठेवून उद्या कोणत्याही कंपनीकडे गेलात, तर तीही याच नोंदींवर काम करणार आणि वर २५ टक्के घेणार.

आधी एक घोळ मिटवू. डिस्ट्रिब्युटरकडून येतात ते रेकॉर्डिंगचे पैसे. शब्द आणि चाल ही वेगळी मालमत्ता आहे आणि तिचा हिशेब वेगळ्या वाटेने होतो. एखादं गाणं एकदा स्ट्रीम झालं की शब्द-चालीच्या मालकाला दोन प्रकारची रॉयल्टी लागू होते. एक सार्वजनिक सादरीकरणाची, म्हणजे परफॉर्मन्सची, आणि दुसरी प्रत काढण्याची, जिला सगळे मेकॅनिकल म्हणतात. या दोन्हीतलं काहीही डिस्ट्रिब्युटर आणत नाही, तुम्ही त्याची वेगळी पब्लिशिंग सेवा घेतली असेल तरच गोष्ट निराळी. म्हणून "पैसे तर नियमित येतात" या समाधानात अनेक गीतकारांची कित्येक वर्षं जातात आणि रॉयल्टीचा एक अख्खा भाग कधी मागितलाच गेला नाही हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

परदेशातली वसुली चालते ती संस्थांमधल्या परस्पर करारांवर. ही व्यवस्था जुनी आहे. १८४७ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत एर्नेस्ट बूर्जे या गीतकाराने बिल द्यायला नकार दिला. तिथे त्याचं गाणं वाजत होतं आणि त्याबद्दल त्याला कुणी काही देत नव्हतं. त्या भांडणातून पुढे १८५१ मध्ये फ्रान्सची सासेम ही संस्था उभी राहिली. आज बहुतेक देशांत अशी संस्था आहे आणि या संस्थांच्या सिझॅक या जागतिक महासंघाची स्थापना १९२६ ची. महासंघाच्या सभासद संस्थांनी २०२३ मध्ये मिळून १३.१ अब्ज युरो गोळा केले. जर्मनीत तुमचं गाणं वाजलं तर तिथली गेमा ही संस्था आयोजकाकडून पैसे घेते, गाणं कुणाचं हे आपल्या माहितीकोशात शोधते, लेखक तुमच्या संस्थेचा सभासद आहे असं दिसलं की आपला खर्च कापून उरलेली रक्कम तिकडे पाठवते. यातला शोधण्याचा टप्पा सगळ्यात कच्चा. गाणं ओळखता आलं नाही तर रक्कम बेवारस खात्यात पडून राहते.

आता तुमची यादी. तिच्यातली बाराव्या क्रमांकाची ओळ घ्या, कारण बाकीच्या बहुतेक ओळींचं दुखणं तिथे एकत्र सापडतं. गाण्याचं नाव रोमन लिपीत लिहिताना तुम्ही एका शब्दात एकच 'ए' लिहिला आहे. स्ट्रीमिंगवर तोच शब्द दोन 'ए' घेऊन आला आहे, आणि गायिकेच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटी जादाचा 'एच' आहे. माणसाला ही तिन्ही नावं एकाच गाण्याची वाटतात, संगणकाला ती तीन वेगळी गाणी वाटू शकतात. नोंदणी अर्जात पर्यायी शीर्षकांसाठी वेगळी जागा असते. तुमच्या सगळ्या यादीत ती रिकामी आहे. ज्यांची गाणी मुळात रोमन लिपीत लिहिली जात नाहीत, त्यांनी ही जागा रिकामी ठेवता कामा नये. प्रत्येक गाण्याची तीन-चार संभाव्य स्पेलिंगं तिथे टाका, गायक-गायिकांची नावंही टाका.

त्याच ओळीत गीतकाराचं टोपणनाव आहे आणि पुढे आयपीआय क्रमांकाचा रकाना कोरा आहे. आयपीआय म्हणजे लेखक आणि प्रकाशकांना मिळणारा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. संस्थेचं सभासदत्व घेतलं की तो मिळतो आणि टोपणनावाचीही त्याच व्यवस्थेत नोंद करता येते. परदेशी संस्था तुम्हाला नावाने ओळखत नाही, या क्रमांकाने ओळखते. सगळ्या लेखकांचे आयपीआय जुळले नाहीत तर गाण्याला आयएसडब्ल्यूसी, म्हणजे गाण्याचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, मिळायलाही अडचण येते. तुम्ही यादीत आयएसडब्ल्यूसीच्या रकान्यात सगळीकडे आयएसआरसी भरले आहेत. ही फार सर्रास होणारी चूक आहे. आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक रेकॉर्डिंगचा असतो, तर 'टी' या अक्षराने सुरू होणारा आयएसडब्ल्यूसी गाण्याचा. एका गाण्याची पाच रेकॉर्डिंगं असतील तर आयएसआरसी पाच आणि आयएसडब्ल्यूसी एकच. दोन्ही हवेत आणि ते एकमेकांना जोडलेले हवेत, कारण स्ट्रीमिंग कंपनी अहवाल पाठवते तो रेकॉर्डिंगचा आणि पैसे शोधायचे असतात गाण्याचे.

हिश्शांचं बघा. तुमच्या नोंदीत चाल ५० टक्के, शब्द ५० टक्के. पण याच गाण्याच्या संगीत संयोजकाने त्याच्या संस्थेत स्वतंत्र नोंद करून २५ टक्के मागितले आहेत, असं तुम्हीच शेऱ्यात लिहिलं आहे. बेरीज १२५. ऑनलाइन वापरात संस्थांचे दावे शंभराच्या वर गेले की वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात, आणि मग संयोजकालाही मिळत नाहीत आणि तुम्हालाही नाही. त्याचा हिस्सा मान्य आहे की नाही हे बोलून ठरवा, एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि तीच टक्केवारी प्रत्येकाने आपापल्या संस्थेला कळवा. हा कागद, ज्याला स्प्लिट शीट म्हणतात, गाणं प्रसिद्ध व्हायच्या आधी झाला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

आणि या यादीतली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट: प्रकाशकाचा रकाना. तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत रिकामा आहे. तुम्ही कंपनी काढलीत, गीतकारांशी करार केलेत, पण कंपनीसाठी हक्क संस्थेचं प्रकाशक सभासदत्व घेतलेलंच दिसत नाही. प्रकाशकाचा वाटा किरकोळ नसतो. फ्रान्समध्ये सादरीकरणाच्या रॉयल्टीचे साधारण तीन भाग होतात, गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक असे. अमेरिकेत प्रकाशकाचा वाटा निम्मा असतो. रकाना रिकामा असला तर काही संस्था तो वाटा लेखकांना देतात, काही संस्थांत कुणीतरी रीतसर दावा करेपर्यंत तो हलत नाही. ज्या तीन गीतकारांनी त्यांचा प्रकाशन हिस्सा तुमच्या हवाली केला, त्यांचा हा हिस्सा आज कुणीच मागत नाहीये. हे काम या आठवड्यात करा.

अमेरिकेचा वेगळा विचार करावा लागेल, कारण तिथे दोन्ही रॉयल्टी वेगवेगळ्या दारांतून येतात. परफॉर्मन्सचे पैसे एस्कॅप, बीएमआय यांसारख्या संस्था गोळा करतात आणि परस्पर कराराने तुमच्या संस्थेकडे पाठवतात. स्ट्रीमिंग आणि डाउनलोडची मेकॅनिकल रॉयल्टी मात्र एमएलसी, म्हणजे मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह, या संस्थेकडे जमते. २०१८ च्या कायद्यानुसार ती स्थापन झाली आणि १ जानेवारी २०२१ पासून तिचं काम सुरू झालं. सुरुवातीलाच स्ट्रीमिंग कंपन्यांनी तिच्याकडे ४२ कोटी ४० लाख डॉलर जमा केले. हे सगळे आधीच्या काळातले, मालक न सापडलेले पैसे होते. सभासदत्व फुकट आहे, कोणत्याही देशातल्या हक्कधारकाला घेता येतं, आणि संस्था रॉयल्टीतून कमिशन कापत नाही, कारण तिचा खर्च स्ट्रीमिंग कंपन्यांवर टाकलेला आहे. तुमचा सर्वात मोठा श्रोतृवर्ग अमेरिकेत आहे. जे पैसे विनाकमिशन मिळू शकतात त्यावर पाच वर्षं २५ टक्के का द्यायचे? फक्त अर्ज करण्यापूर्वी तुमच्या संस्थेला एक प्रश्न विचारा: आमच्या वतीने तुम्ही तिथे आधीच नोंद केली आहे का? काही संस्था करतात. केली असेल आणि तुम्हीही केलीत, तर पुन्हा दुहेरी दावा होईल.

एमएलसीचा माहितीकोश कुणालाही पाहता येतो. गाण्याचं नाव टाकून बघा. तुमच्या गाण्यापुढे 'हिस्सा अज्ञात' दिसलं तर ते वाचून हताश होऊ नका, तो हिस्सा तुमच्या दाव्याची वाट बघतोय. पण वाट कायमची नसते. कायद्याने बेवारस रक्कम किमान तीन वर्षं राखून ठेवावी लागते आणि त्यानंतर ती बाजारातल्या हिश्श्याच्या प्रमाणात इतर हक्कधारकांना वाटता येते. याचा सरळ अर्थ असा की छोट्यांचे न सापडलेले पैसे मोठ्यांच्या खात्यात जास्त जातात. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. ज्याच्याकडे नोंदी सांभाळायला माणसं आहेत त्याचे पैसे सहसा हरवत नाहीत, आणि ज्याचे हरवतात त्याच्या वाट्याला या वाटपातून जवळपास काही येत नाही.

युरोपियन संघाचा २०१४ चा निर्देश या बाबतीत थोडा बरा आहे. ज्या आर्थिक वर्षात पैसे गोळा झाले ते संपल्यापासून नऊ महिन्यांत संस्थेने वाटप करायचं, न ओळखलेल्या गाण्यांची माहिती आधी सभासदांना आणि भगिनी संस्थांना, मग जाहीरपणे उपलब्ध करायची, आणि तीन वर्षांनंतरच रक्कम अवाटपयोग्य ठरवायची. या याद्या फार थोडे लोक उघडून पाहतात. तुम्ही पाहा. गेमाच्या, नेदरलँड्सच्या बूमा-स्टेम्राच्या याद्या तुमच्या संस्थेमार्फत मागता येतील. त्यात शीर्षकाची प्रत्येक चुकीची स्पेलिंग टाकून शोधा, कारण बरोबर स्पेलिंगचं गाणं त्या यादीत असायचं कारणच नाही.

नऊ महिन्यांच्या हिशेबावरून एक दिलासाही मिळतो. जूनमध्ये महोत्सवात गायलेल्या गाण्याचे पैसे तिथली संस्था पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत पाठवू शकते, त्यानंतर तुमच्या संस्थेचं वाटप. दीड-दोन वर्षं सहज जातात. तेव्हा अलीकडच्या कार्यक्रमांचं शून्य हे कायमचं शून्य नाही. मात्र त्या महोत्सवांत गायलेल्या गाण्यांची यादी, म्हणजे सेटलिस्ट, कुणी संस्थेला दिली का? आयोजक पैसे भरतो ते सगळ्या कार्यक्रमाचे. ब्रिटनमध्ये २०१८ पासून मैफलींच्या तिकीटविक्रीवर ४.२ टक्के असा दर आहे, म्हणजे रकमा अगदीच किरकोळ नसतात. पण कोणती गाणी झाली हे कळलं नाही तर तुमचा वाटा काढायचा कशावरून? गायिका स्वतः लेखिका नसेल तर यादी भरायचं तिला काही कारण नसतं. तिला फोन करा, तारखा, ठिकाणं, आयोजक आणि गाण्यांचा क्रम लिहून घ्या आणि तुमच्या संस्थेमार्फत दावा पाठवा. पुढच्या दौऱ्यापूर्वी तयार यादीच तिच्या हातात द्या, आयपीआय आणि आयएसडब्ल्यूसीसकट.

टीव्ही मालिकेसाठी हेच काम क्यू शीट करते. कोणत्या भागात कोणतं गाणं किती सेकंद वाजलं, लेखक कोण, प्रकाशक कोण, याचा तक्ता निर्माता बनवतो. त्याची प्रत मागा. ती मागण्यात संकोच वाटायचं काही कारण नाही, गाण्याच्या परवानगीच्या करारात तसं कलमच टाकायला हवं होतं. मालिका दुसऱ्या देशात दाखवली गेली की हाच तक्ता तिथे जातो आणि त्यातली चूकही त्याच्याबरोबर जाते. म्हणून पहिल्याच ठिकाणी दुरुस्त करून घ्या. एक जाता जाता: हेच गाणं कधी चित्रपटात गेलं, तर युरोपातल्या अनेक देशांत चित्रपटगृहांकडून सादरीकरणाची रॉयल्टी मिळेल, अमेरिकेतल्या चित्रपटगृहांकडून मिळणार नाही. १९४८ च्या एका न्यायालयीन निकालापासून तिथे ती नाहीच. त्यामुळे तिथल्या चित्रपटासाठी परवानगीची रक्कम ठरवतानाच हे धरून चाला.

प्रत्येक देशात स्वतः सभासद व्हायचं का? नको. एकाच हक्कासाठी, एकाच प्रदेशात दोन संस्थांना अधिकार दिलेत तर तुम्हीच तुमच्याशी वाद घालाल. प्रदेशानुसार अधिकार वेगळे काढता येतात, युरोपियन संघात तर ही मुभा निर्देशातच आहे, पण ती वापरण्याइतकं उत्पन्न एखाद्या देशातून येऊ लागलं की मगच. पाच लेखकांच्या कंपनीला जर्मनी आणि नेदरलँड्ससाठी एखादा सबपब्लिशर, म्हणजे तिथे तुमच्या वतीने काम पाहणारा स्थानिक प्रकाशक, पुरेल. मी जगभर पसरलेल्या कंपनीपेक्षा असा माणूस पसंत करेन जो तिथल्या संस्थेच्या कार्यालयात फोन करून "या गाण्याचं काय झालं" असं तिथल्या भाषेत विचारू शकतो.

तरीही त्या कंपनीशी बोलायचं असेल तर करारातलं हे तपासा. निव्वळ प्रशासनासाठी, म्हणजे नोंदी आणि वसुलीच्या कामासाठी, २५ टक्के जास्त आहेत, दहा ते वीसच्या दरम्यान बोलणी करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टक्केवारी कशावर. तुमच्या मसुद्यात 'कंपनीला प्राप्त झालेल्या रकमेवर' असे शब्द आहेत. जर्मनीत १०० युरो जमले, कंपनीच्या तिथल्या शाखेने २५ ठेवले, ७५ मुख्य कार्यालयाला पाठवले, त्यांनी त्यावर २५ टक्के, म्हणजे १८.७५ कापले. तुमच्या हातात ५६.२५. हेच 'उगमस्थानी' असं लिहिलं असतं तर संस्थेने दिलेल्या शंभरातून एकदाच कपात होऊन ७५ आले असते. दोन-तीन शब्दांचा फरक आणि जवळपास १९ युरो गेले. करार सादरीकरणाच्या लेखक-हिश्शाला हात लावत नाही ना, तेही बघा. तो हिस्सा संस्थेकडून थेट लेखकाला जायला हवा. हक्कांचं हस्तांतरण नको, फक्त प्रशासनाचा अधिकार द्या. मुदत फार तर दोन वर्षं, आणि करार संपल्यावर कंपनीने सगळ्या संस्थांतून आपले दावे ठरावीक दिवसांत काढून घ्यावेत असं कलम हवंच. जुन्या कंपनीचा न काढलेला दावा नव्या कंपनीचे पैसे वर्षानुवर्षं अडवतो.

कराचंही एक काम आहे. अमेरिकेतून येणाऱ्या रॉयल्टीवर योग्य फॉर्म भरला नसेल तर ३० टक्के कर उगमातच कापला जातो. व्यक्तीसाठी डब्ल्यू-८बेन आणि कंपनीसाठी डब्ल्यू-८बेन-ई भरून दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा लाभ घेता येतो. इतर देशांत रहिवासी दाखला मागतात. हे तुमच्या कर सल्लागाराकडून करून घ्या.

राहिला रकमा किरकोळ असल्याचा प्रश्न. तुम्ही एकटे गीतकार असता तर तुमच्या वेळेची किंमत तुम्ही ठरवली असती. पण तुम्ही प्रकाशक आहात. तीन लेखकांच्या हिश्शातून तुम्ही वाटा घेता तो याच कामासाठी, नोंदी ठेवणं, दावे करणं, मागे लागणं. त्यांच्यातल्या एखाद्याला तिमाहीला चाळीस युरो मिळाले तर ते त्याच्या शब्दांचे आहेत आणि ते मिळवून देणं तुमच्यावर आहे. काम जड वाटत असेल तर लेखकांना तसं सांगून प्रकाशनाचे हक्क परत करा. काम न करता हक्क धरून ठेवणं मात्र बरोबर नाही.

सध्या कंपनीला एवढंच कळवा की नोंदींची दुरुस्ती चालू आहे, अमेरिकेतली मेकॅनिकल रॉयल्टी आणि मायदेश वगळून, उगमस्थानच्या टक्केवारीने आणि दोन वर्षांच्या मुदतीने नवा मसुदा पाठवा. आणि प्रकाशक सभासदत्वाचा अर्ज त्याच दिवशी भरा.